सायकल सरकारची, ओढणी समाजाची, मान मात्र पोरीची

सायकलवर मुलींनी काय घालावं या विषयावर लिहिते आहे असं सांगितलं, तेव्हा आमच्याच बैठकीत एकीनं विचारलं, "बाई गं, आपले बाकीचे प्रश्न संपले का?" मजुरी, पाणी, रेशन, दारू, मारहाण समोर उभी असताना कपड्यांची चर्चा म्हणजे शहरातल्या बायकांची चैन, असं कुणालाही वाटू शकतं. म्हणून आधी एक आकडा सांगते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी ४८ टक्के बायकांचं लग्न अठरा वर्षं पुरी होण्याआधीच झालेलं निघालं. त्या सर्वेक्षणात साऱ्या महाराष्ट्रात हा आकडा सुमारे २२ टक्के होता, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत परभणी सगळ्यांत वर होतं.

आता या आकड्याचा सायकलशी आणि सायकलचा ओढणीशी काय संबंध, ते सांगते.

आपल्याकडे बहुतेक गावांत शाळा सातवी-आठवीपर्यंत असते. पुढं शिकायचं तर तीन-चार किलोमीटरवरच्या मोठ्या गावी जायचं. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळेलच असं नाही. काळीपिवळीत पोरीला एकटीला बसवायला आईबाप तयार नसतात. ज्या दिवशी जाणं-येणं बंद होतं त्या दिवशी शाळा बंद होते, आणि शाळा बंद झालेली पोर घरात बसलेली दिसली की स्थळं यायला लागतात. गरिबी, ऊसतोडीचं स्थलांतर, हुंड्याची धास्ती ही कारणं आहेतच. पण या साखळीतली एक कडी रस्त्याची आहे, आणि ती सायकलनं तोडता येते.

हे सरकारलाही कळलेलं आहे. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा अभ्यास करून २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगे-मुलींमधलं अंतर ४० टक्क्यांनी घटलं, असं त्यांना आढळलं. इतकं काम दोन चाकं करतात.

मग आपल्या जिल्ह्यात सायकली पोचल्या, तर त्या अंगणात उभ्या का दिसतात? भाऊ का चालवतो? जिंतूर आणि पालम तालुक्यांत किशोरींच्या शिबिरांत मी हा प्रश्न अनेकदा विचारला आहे. उत्तरं येतात ती अशी : चढ आहे, पंक्चर काढायला जवळ कुणी नाही, पोरं मागे लागतात. आणि मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, "ताई, ओढणी अडकते." "पांढरी सलवार असते ना ताई, पाळीत नाही जाता येत." "वारं आलं की ड्रेस उडतो, लोक बघतात." कपड्याची गोष्ट शेवटी येते, कारण ती बोलायची लाज वाटते. लाजेपोटी जी गोष्ट शेवटी येते तीच बहुतेक वेळा खरी अडचण असते, हे आपण चळवळीतल्या बायका चांगलं जाणतो.

एका गावातली गोष्ट सांगते. नववीतली मुलगी शाळेतून परत येताना तिच्या ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून घट्ट बसवलेली. शाळेचाच नियम तसा. पिना होत्या म्हणून ओढणी सुटून गेली नाही, तिनं पोरीलाच मागं खेचलं. गळ्याला काचलं, कोपर फुटलं. जीव वाचला. शाळेनं काय करावं? मुलींना बोलावून सांगितलं, ओढणी नीट सांभाळत जा, लक्ष कुठं असतं तुमचं! घरच्यांनी काय केलं? सायकल धाकट्या भावाला दिली. नियम ज्यांनी केला त्यांना कुणी काही विचारलं नाही.

इथं थोडा विचार करा. पिना लावलेल्या ओढणीची दोन्ही टोकं पाठीवरून खाली सुटतात. सायकलवर बसल्यावर ती नेमकी कॅरिअरच्या आणि मागच्या चाकाच्या बाजूला लोंबतात. म्हणजे जी पद्धत सर्वांत 'शालीन' म्हणून शिकवली जाते, तीच चाकासाठी सर्वांत धोक्याची. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका गळ्यातली लांब ओढणी मोटारीच्या चाकात अडकून मेली. ती मोठी बाई होती म्हणून तिचं मरण इतिहासात नोंदलं गेलं. आपल्या पोरींचं "गाडीवरून पडली" एवढंच होतं.

कायद्याला हे माहीत नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो की मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारी जाळी हवी, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. साडीगार्ड म्हणतो आपण तिला. चांगला नियम आहे. पण त्याच्या डोळ्यांसमोर कोण आहे बघा. मागं बसलेली बाई. पुरुष चालवणार, ती एका बाजूला पाय सोडून बसणार, आणि यंत्रानं तिच्या पदराची काळजी घ्यायची. बाई स्वतः चालवते आहे, पायडल मारते आहे, घाई आहे, समोरून उसाची ट्रॉली येते आहे, असं चित्र कुठल्या नियमात आहे? सरकार सायकलीचे पैसे देताना साडीगार्ड, पूर्ण चेनकव्हर, मागचा दिवा आहे का, एवढं तरी विचारतं का? पैसे खात्यात येतात, बाप दुकानात जातो, स्वस्तातली सायकल येते.

आता संस्कृतीबद्दल. "मुलीच्या जातीला हे शोभत नाही" असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या शेतात न्यायला तयार आहे. कापूस वेचणारी, सोयाबीन काढणारी, ऊस तोडणारी बाई अंगावर काय घालते? साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. पदर खोचलेला. परभणीचं ऊन मे महिन्यात ४३-४४ अंशांवर जातं, बोंडाची टोकं हात ओरबाडतात, उसाचं पान कापतं. म्हणून तिनं स्वतःच्या अकलेनं आपलं जॅकेट शोधलं आहे. पुढून बटणं, पूर्ण बाह्या, कॉलर, वर खिसा. कुठल्याही कंपनीनं ते तिच्यासाठी बनवलेलं नाही. आणि बाईनं पुरुषाचा शर्ट घातला म्हणून गावाची अब्रू गेली असं मी आजवर ऐकलेलं नाही. का नाही? कारण ती मालकाचा कापूस वेचते, घराला मजुरी आणते. बाईच्या कष्टाचा फायदा दुसऱ्याला होत असेल तेव्हा तिच्या कपड्यांना सूट मिळते. ती स्वतःसाठी कुठं निघाली, शाळेत, कॉलेजात, सभेला, की लगेच ओढणीची लांबी मोजली जाते. पुरुषप्रधान व्यवस्था यालाच म्हणतात. तिचे नियम कापडाचे नसतात, तिचे नियम बाई कुणासाठी चालली आहे याचे असतात.

आणि आपल्या आज्यांचं काय? नऊवारी लुगडं, मागं कासोटा खोचलेला. दोन्ही पाय मोकळे, दोन पायांना दोन वेगळे भाग, चालायला, वाकायला, विहिरीत उतरायला सोयीचं. विलायतेतल्या बायकांना दोन पायांचा पोशाख मिळवायला केवढी झुंज द्यावी लागली! लंडनमध्ये १८८१ मध्ये सोयीच्या पोशाखासाठी संस्था निघाली. तिच्यातल्या एक पुढारी लेडी हार्बरटन १८९८ मध्ये सायकलवरून एका हॉटेलात गेल्या, तर ढगळ विजार घातली म्हणून त्यांना कॉफीच्या खोलीत बसू दिलं नाही. खटला झाला, तोही हरला गेला. ॲलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईनं १८९५ मध्ये दोरी ओढली की वर उचलला जाणारा सायकलीचा घागरा बनवून त्याचं पेटंट घेतलं. उतरलं की घागरा खाली, चढलं की वर. लोकांच्या नजरेलाही तोंड द्यायचं आणि चाकालाही, म्हणून ही युक्ती. तेव्हा 'दोन पायांचा कपडा म्हणजे परकी फॅशन' असं कुणी सांगितलं तर त्याला त्याच्या पणजीचा फोटो दाखवा.

'लेडीज सायकल' हीसुद्धा याच तडजोडीतून आली. घागऱ्यासाठी मधला दांडा काढून टाकला. पण बायकांना ती तडजोड हवीच असते असंही नाही. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी बाईंनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली बाजारात पुरेनात, तर त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलं आहे की काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर पोर बसवता येतं. साड्या नेसणाऱ्याच बायका होत्या त्या. पण तिथं गावानं त्यांच्याकडं बघत टाळी वाजवली, कारण सरकार, संघटना आणि हजारो बाया एकदम रस्त्यावर आल्या. एकट्या पोरीला जे शोभत नाही ते हजार जणींना शोभायला लागतं. हा धडा आपण घेतला पाहिजे.

आता आपल्या शाळांकडे येऊ. समग्र शिक्षा योजनेतून मोफत गणवेश मिळतो तो आठवीपर्यंत. सायकलीचे पैसे मिळतात ते आठवीपासून. म्हणजे सायकल हाती आली की एका वर्षात गणवेश घरच्या खर्चात जातो, आणि मग मिळेल त्या कापडाचा, वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठा, ढगळ ड्रेस शिवला जातो. ढगळ सलवार चेनमध्ये जाते. सलवार बहुतेक शाळांत पांढरी. ही पांढरी सलवार कुणी ठरवली? ज्याला कधी पाळी आली नाही त्यानंच ठरवली असणार. महिन्यातले चार दिवस पोर घरी बसते, वर्षातले चाळीस-पन्नास दिवस होतात, आणि मग गुरुजी म्हणतात मुलींची हजेरी कमी.

ओढणीच्या जागी काही शाळांत कोटी आली आहे, तिला जॅकेटही म्हणतात. मला ती ओढणीपेक्षा बरी वाटते, चाकात तरी जात नाही. पण ती कशी शिवतात बघा. जाड टेरिकॉट, आत अस्तर, खिसा एकही नाही. छाती झाकायची एवढ्याच हेतूनं शिवलेली. मार्च-एप्रिलमध्ये त्यात पोर उकडून निघते, आणि जानेवारीत सकाळी पारा ५-६ अंशांवर उतरतो तेव्हा बाह्या नसल्यानं कुडकुडते. मुलाच्या शर्टाला खिसा आहे, पँटला दोन खिसे आहेत. मुलीनं कुलपाची किल्ली, पाच-दहा रुपये, पॅड कुठं ठेवायचं? पावसाळ्यातही तेच. मुलांसाठी दोन भागांचा रेनकोट, वर जॅकेट आणि खाली पँट. मुलींसाठी 'लेडीज रेनकोट' म्हणजे गुडघ्याखाली जाणारा घोळदार झगा. काळ्या मातीच्या चिखलात, भरल्या दप्तरासह, तो झगा घालून सायकल चालवून दाखवा म्हणावं!

आणि वर कुठून अपेक्षा करायची? मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता आणि दुपट्टा. पदवीधर, कमावत्या बाईच्या गळ्यात जे सरकार कागदावर दुपट्टा घालतं, ते नववीतल्या पोरीच्या गळ्यातला काढेल का? केरळातल्या बालुसेरीच्या सरकारी शाळेत २०२१ मध्ये मुलामुलींना सारखाच शर्ट-पँटचा गणवेश आला. विरोध झाला, निदर्शनं झाली, तरी आला. तिथं जमतं ते जिंतूर-सोनपेठला का जमू नये?

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर आपलं बोलणं भलतीकडे नेलं जाईल. आम्ही कुणाची ओढणी ओढायला निघालेलो नाही. परभणीत, पाथरीत, मानवतला कितीतरी मुली बुरखा किंवा हिजाब घालून शाळा-कॉलेजला जातात. डोक्याला नीट बांधलेला रुमाल चाकात जात नाही, उलट उन्हापासून वाचवतो. आम्ही सगळ्याच सायकलवर निघालो की तोंडाला स्कार्फ बांधतोच. सक्तीनं काढायला लावणं आणि सक्तीनं घालायला लावणं, दोन्हींत पोरीला विचारलेलं नसतं. आपली मागणी आहे की तिला विचारा, आणि जे काही ती घालेल ते चाकापासून सुरक्षित असावं.

"पण मुलं छेड काढतात, त्याचं काय?" हा आयांचा प्रश्न खरा आहे. आई मुलीची वैरीण नसते, ती घाबरलेली असते. पण आयांनो, ओढणी असताना छेड काढत नाहीत का? अंगभर साडी नेसलेल्या बाईला रस्त्यावर त्रास होत नाही का? कपड्यानं छेड थांबत असती तर आपल्या पिढीला ती माहीतच झाली नसती. छेड थांबते ती पाच जणी एकत्र निघाल्या की, ग्रामपंचायतीनं नाव घेऊन समज दिली की, पोलिसांनी तक्रार लिहून घेतली की. त्याची जबाबदारी पोरीच्या गळ्यात बांधू नका.

मग सायकलवर घालावं तरी काय? शिबिरांत मुलींशी बोलून, शिवणकाम करणाऱ्या बायांना विचारून आम्ही जे ठरवलं ते सांगते. खाली गडद रंगाची चुडीदार किंवा पँट, घोट्याशी आवळलेली. पलाझो आणि पटियाला सायकलवर नको. ढगळ सलवारच असेल तर उजव्या घोट्याला रबर किंवा नाडी बांधा, चेन त्या बाजूला असते. वर गुडघ्याच्या वर संपणारा कुर्ता, दोन्ही बाजूंना चीर, म्हणजे सीटवर ताणत नाही. ओढणी घ्यायचीच तर कमरेला गाठ मारून आडवी बांधा, टोकं आत खोचा, खांद्याला पिना लावू नका. त्यावर सुती, पूर्ण बाह्यांचं, पुढून बटणाचं जॅकेट, शेतातल्या शर्टासारखंच. उन्हाळ्यात ऊन अडवतं, हिवाळ्यात आत स्वेटर मावतो. त्याला दोन मोठे खिसे. पाठीवर चमकणारी पट्टी शिवा. ऊसगाळपाच्या दिवसांत गंगाखेड-पाथरीच्या रस्त्यांवर संध्याकाळी ट्रॉल्यांची रांग असते, त्यातल्या ड्रायव्हरला ती पट्टी लांबून दिसते. पायात मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. साडी नेसून सायकल किंवा स्कूटी चालवणाऱ्या अंगणवाडी ताईंनी, आशांनी पदर कमरेला खोचून त्यावर हेच जॅकेट घालावं.

यात महाग काही नाही. जुन्या शर्टातूनही होतं. अवघड आहे ते ठरवणाऱ्यांकडून ते मान्य करून घेणं. म्हणून आपल्या मागण्या :

१. आठवी ते बारावीच्या मुलींच्या गणवेशात ओढणीची सक्ती नको. पांढरी सलवार बंद करा.

२. गणवेशाच्या जॅकेटला सुती कापड, पूर्ण बाह्या, खिसे आणि चमकती पट्टी हवी.

३. सायकलीचे पैसे देताना पूर्ण चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी आणि दिवा यांची अट घाला आणि त्यासाठी रक्कम वाढवा.

४. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वीचं गृहविज्ञान. वस्त्रांचा अभ्यास तिथं होतो. त्यांनी खेड्यातल्या मुलींना सोबत घेऊन सायकलचा गणवेश तयार करावा, आणि शिवण्याचं काम गावातल्या बचत गटांना योग्य मजुरीवर द्यावं.

५. सायकल मुलीच्या नावानं आहे, ती मुलीकडेच राहील, हे शाळेनं पालकांच्या सभेत सांगावं.

हे कुणापुढं मांडायचं? २०२४ मध्ये सरकारनं साऱ्या राज्याला एकच गणवेश एकाच ठिकाणाहून देण्याचा घाट घातला होता. मापं चुकली, कपडे उशिरा आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो निर्णय मागं घेऊन गणवेशाचं काम शाळा व्यवस्थापन समित्यांकडे परत दिलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत. कागदावर त्या असतात. सही घरी पाठवून घेतली जाते. मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या त्या बाया कोण आहेत ते शोधून काढा. त्यांना सोबत घ्या. नववीच्या पुढं पालक-शिक्षक संघ आहे, तिथं आयांनी बसावं. जूनमध्ये गणवेशाचं माप घेतलं जायच्या आत, म्हणजे एप्रिलमध्येच, लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. निवेदनाखाली मुलींच्या सह्या आधी, आपल्या नंतर.

आणि आठ मार्चला नुसती भाषणं आणि हळदीकुंकवाच्या धाटणीचे सत्कार करण्यापेक्षा तालुक्याच्या गावी मुलींची सायकल फेरी काढा. प्रत्येकीनं आपल्याला सोयीचं वाटेल ते घालून यावं. आयांनी पुढं चालावं. बघणाऱ्यांना एकदा बघून घेऊ द्या. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे लोक फार दिवस बघत नाहीत.

आपल्या तालुक्यात काय घडलं, कोण अडलं, कोण वळलं, हे पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.